एका स्वयंपाकघरातले चार धर्म

समजा, पुण्याजवळच्या पुनावळ्यात हिंजवडीच्या आयटीतली चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहतात. नात्याची नाहीत, पण जेवण एकत्र शिजतं. जनगणनेच्या लेखी ते एकच कुटुंब! धर्म मात्र प्रत्येकाचा वेगळा विचारायचा. कुटुंबप्रमुखाचाच सगळ्यांना चिकटवायचा नाही. ‘धर्म नाही’ हेही उत्तर चालतं. प्रगणकाने ऐकलं तेच लिहायचं, वाद घालायचा नाही.

‘धर्म नाही’ आणि ‘नास्तिक’ मात्र एकच नव्हे. नास्तिक म्हणजे ईश्वर न मानणारा. पण जगाचा कर्ता न मानणारे बौद्ध, जैन आपला धर्म लिहितातच. २०११च्या जनगणनेत देशात नास्तिक म्हणून नोंदले गेले सुमारे ३३ हजार. त्यांतले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले. प्रत्यक्षात अधिक असावेत, असं मला वाटतं. शिवाय, सरकारी अर्जावर धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये बजावलं आहे.