नंबर हजर, पोरगं कुठंय?

(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘फार्मासिस्टचे बदलते नियम’ असा विषय दिला. विषय रुक्ष आहे, पण आपल्या सगळ्यांच्या घरात आता बीपीची, शुगरची गोळी आली आहे. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

आपण 1992 ला दहावी झालो, तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. 1 मे 1999 ला आपला जिल्हा झाला. 2024 मध्ये इथं 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. याचा मला आनंद आहे. पण डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी शेवटी मेडिकलच्या काउंटरवरच येते. तिथं कोण उभा आहे, हा माझा आजचा प्रश्न आहे.

सरांना आठवत असेल. हजेरी घेताना माझ्या नंबरला शेजारचा ‘हजर सर’ म्हणायचा आणि मी बाहेर चिंचा पाडत असायचो. एकदा सरांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘‘नंबर हजर आहे, पोरगं कुठंय?’’ वर्ग हसला होता. मी मात्र पुढं बरीच वर्षं तेच केलं.

बारावीनंतर मी डी. फार्म. केलं. 1991 च्या शिक्षण नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर 500 तासांचं प्रशिक्षण होतं. ते कमीत कमी तीन महिन्यांत पुरं करायचं आणि त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधं द्यायची. मी एक तासही उभा राहिलो नाही. ओळखीच्या दुकानदाराची सही आणली, नोंदणी झाली. स्वतःचं दुकान टाकायला पैसे नव्हते, म्हणून सर्टिफिकेट दुसऱ्या तालुक्यातल्या एका मेडिकलला भाड्यानं दिलं. महिन्याला 800 रुपये मिळायचे. 1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम सांगतं की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

2003 मध्ये त्या दुकानात काउंटरवरच्या पोरानं एका म्हाताऱ्याला साखरेची एक मिलिग्रॅमऐवजी चार मिलिग्रॅमची गोळी दिली. पोराचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हातारा पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडला. नांदेडला नेलं म्हणून वाचला. त्याचा मुलगा भांडायला दुकानात गेला आणि भिंतीवरच्या फ्रेममधलं माझं नाव वाचून माझ्या घरी आला. त्यानं शिवी दिली नाही. ‘‘तुम्ही तिथं होता का?’’ एवढंच विचारलं. मला सरांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मी सर्टिफिकेट काढून आणलं, एका जुन्या फार्मासिस्टकडं पगाराशिवाय काम शिकलो आणि मग स्वतःचं दुकान टाकलं.

त्यानंतर नियम कडक होत गेले. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना ‘फार्मासिस्ट दुकानात पाहिजेच’ म्हणून राज्यभर तपासण्या झाल्या. आम्ही दुकानदारांनी आरडाओरडा केला, बंदही पाळले. 2015 च्या नियमांनी रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलं. आता 2020 च्या अभ्यासक्रमाच्या मुलांना नुसती पदविका पुरत नाही. 2022 च्या नियमांनुसार नोंदणीआधी एक्झिट परीक्षा आहे. तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के हवेत. ही परीक्षा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली.

पोरांना, पालकांना हे जाच वाटतं. मला ही परीक्षा योग्यच वाटते, पण ती पुरेशी नाही. ती डोक्यात काय आहे ते तपासते. गिऱ्हाईक गडबडीत असताना, सारख्या नावाच्या दोन पट्ट्या हातात असताना ‘थांबा, एकदा बघतो’ म्हणायची सवय पेपरातून येत नाही. ती त्या 500 तासांतच लागते. हे तास आजही नियमात आहेत, आणि आजही सहीवर मिळतात.

आता शेवटचं. आपल्याच वर्गातला एक मित्र गेल्या वर्षी मुलाचा फॉर्म घेऊन माझ्याकडं आला होता. मी सही केली नाही. ‘‘आपल्या माणसाला नियम दाखवतो का?’’ म्हणाला आणि तेव्हापासून बोलत नाही. आज तो इथंच बसला आहे. त्याला मी त्या दिवशी म्हाताऱ्याची गोष्ट सांगू शकलो नाही, लाज वाटली. आज सगळ्यांसमोर सांगितली.

गड्या, फॉर्म अजून कोरा असेल तर पोराला सोमवारी सकाळी नऊ वाजता पाठव. तीन महिने माझ्याशेजारी उभा राहू दे. चहा-नाश्ता माझ्याकडं. पाचशे तास भरले की सही मी तुझ्या घरी येऊन करीन.

आणि सर, उशीर झाला, पण आता माझा नंबर पुकारला तर मी दुकानातच असतो.