जाणाऱ्या गाड्यांचीं छायाचित्रें

गांवच्या शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरानें काय करावें, याविषयीं गांवाचीं मतें ठरलेलीं असतात. त्यानें सकाळीं देवळांत बसावें, दुपारीं वर्तमानपत्र वाचावें आणि सायंकाळीं जुन्या विद्यार्थ्यांच्या पगाराची चौकशी करावी. मी यांपैकीं कांहींच करीत नाहीं. मी मालगाड्यांचीं आणि एस्. टी.च्या मोटारींचीं छायाचित्रें काढतों. "गुरुजी, समुद्र आहे, यशवंतगड आहे, तें सोडून ह्या डब्यांचे फोटो कसले काढतां?" हा प्रश्न मला इतक्या वेळां विचारला गेला आहे, कीं त्याचें उत्तर एकदांच सर्वांना मिळून द्यावें, म्हणून हें भाषण.

माझें गांव नाटें. राजापूर तालुक्यांतलें, जैतापूरच्या खाडीलगतचें. माझ्या वडिलांच्या पिढीनें मुंबई गांठली ती बोटीनें. आमच्या बाजूचें बंदर मुसाकाजी. वडिलांच्या तोंडून त्या प्रवासाचीं वर्णनें मीं लहानपणीं पुष्कळ ऐकलीं. ट्रंका, वळकट्या, खलाशांच्या आरोळ्या आणि रात्रभर पोटांत ढवळणारा समुद्र. पुढें रस्ते झाले, मोटारी आल्या, बोटी बंद पडल्या. कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या हस्तलिखित मासिकासाठीं मीं त्या बोटीचें एखादें छायाचित्र गांवांत शोधूं लागलों. घरोघरच्या पेट्यांतून लग्नांचीं चित्रें निघालीं, मुंजींचीं निघालीं, मुंबईच्या स्टुडिओंत खुर्चीवर हात टेकून काढलेलीं निघालीं. बोटीचें एकहि निघालें नाहीं. जिच्यामुळें घरचा कर्ता पुरुष गिरणीच्या दारापर्यंत पोहोंचला आणि गणपतीला परत आला, तिचें चित्र घ्यावें असें कोणास वाटलें नाहीं. कारण ती रोजची होती. रोजची वस्तु उद्यांहि असणारच, असें आपण धरून चालतों.

या शोधांत मला माझ्याच छंदाचा अर्थ नव्यानें कळला. छंद मात्र त्याआधींचा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीं आगफा क्लिक थ्री नांवाचा कॅमेरा घेतला. एका फिल्मवर चित्रें बारा, आणि बारा संपल्यावर पुढच्या पगाराची वाट पाहावयाची. त्या बारांतलीं दोन-तीन मी घरच्यांसाठीं ठेवीं आणि उरलेलीं मुक्कामाच्या गाडीवर खर्च करीं. सायंकाळीं येऊन रात्रभर गांवांत राहणारी आणि पहाटे राजापूरकडे परतणारी ती एस्. टी. म्हणजे गांवाचें घड्याळ होतें. आजारी माणूस, परीक्षेचा विद्यार्थी, माहेरी निघालेली लेक, सारीं तिच्या वेळेवर उठत.

त्या साध्या कॅमेऱ्यानें मला बरेंच शिकविलें. त्याची झडप मंद. गाडी समोरून आडवी निघून गेली, तर चित्रांत नुसता फराटा उमटे. म्हणून वळणावर उभें राहावें आणि गाडी तिरकस अंगावर येतांना कळ दाबावी. मग तीच गति तितकी जाणवत नाहीं आणि तोंड व अंग दोन्हीं दिसतात. सूर्य आपल्या पाठीशीं असावा. कपाळावरची गांवाच्या नांवाची पाटी वाचतां आली पाहिजे; कारण पाटीविना मोटार म्हणजे नांवाविना विद्यार्थी.

क्रमांकहि दिसला पाहिजे. एस्. टी.च्या पुष्कळ गाड्या महामंडळाच्याच कारखान्यांत बांधल्या गेल्या: पुण्याजवळ दापोडी, छत्रपति संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपुराजवळ हिंगणा. त्यामुळें रत्नागिरी जिल्ह्यांत धांवणाऱ्या गाडीवरहि चौदा, वीस किंवा चाळीस असा परजिल्ह्याचा आंकडा दिसतो, आणि जाणत्याला त्यावरून गाडीचें माहेर कळतें. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्यामध्यें जी पहिली एस्. टी. धांवली, ती तांबडी नव्हती. आरंभींच्या गाड्या निळ्या रंगाच्या व रुपेरी माथ्याच्या होत्या. हें सांगितलें कीं वर्गांतलीं मुलें माझ्याकडे संशयानें पाहत. त्या रंगाच्या गाडींत बसलेले लोक गांवांत होते. पण मुलांना दाखवावयास माझ्याजवळ चित्र नव्हतें. त्याच मार्गावर २०२२ सालच्या १ जूनला विजेवर चालणारी 'शिवाई' निघाली. दोहोंमध्यें चौऱ्याहत्तर वर्षें गेलीं, आणि त्यांत गाड्यांच्या किती तऱ्हा आल्या व मोडींत गेल्या, याची मोजदाद त्या ज्यांनीं वेळींच टिपल्या त्यांच्याचपाशीं असणार.

आतां मालगाडीकडे वळतों. नाटें गांवाला रेल्वे नाहीं. आमचें स्टेशन राजापूर रोड. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असतांना, १९९० सालीं, कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें. १९९८ सालच्या २६ जानेवारीस सबंध मार्ग वाहतुकीला खुला झाला. त्या मार्गावर उतारूंच्या गाड्या पाहावयास सारे येतात. मी थांबतों तो मालगाडीसाठीं. आमच्याकडे मार्ग एकेरी असल्यामुळें मेल गाडी यावयाची असली कीं मालगाडीला बाजूच्या रुळावर उभें करितात. लोकांच्या दृष्टीनें ती खोळंबलेली असते. माझ्या दृष्टीनें ती चित्रासाठीं बसलेली असते.

तिच्या वाघिणींवर अकरा आंकडी क्रमांक असतो. पहिले दोन आंकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची तें सांगतात, पांचवा व सहावा ती बांधल्याचें वर्ष सांगतात. त्यांपुढें चार आंकडे तिचा स्वतःचा क्रमांक, आणि अखेरचा आंकडा आधींचे दहा बरोबर लिहिले आहेत कीं नाहींत हें ताडून पाहण्यासाठीं. निवृत्तीपूर्वीं मीं गणिताच्या तासाला हे क्रमांक फळ्यावर लिहीत असें. ज्या मुलांना भागाकाराचा कंटाळा, तीं मुलें वाघिणीचें वय काढण्यास धांवत येत.

पण आमच्या मार्गावरचें खरें नवल म्हणजे ट्रक वाहून नेणारी गाडी. १९९९ सालीं कोलाड ते गोव्यांतील वेर्णा या दरम्यान ती सुरू झाली. सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवावयाचे, सांखळ्यांनीं जखडावयाचे, आणि घाटांतला रस्ता टाळून रुळांवरून न्यावयाचे. चालक व क्लीनर आपापल्या ट्रकांतच बसून प्रवास करितात. मागें 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला, सदा गर्जत जाणारा ट्रक येथें मात्र एखाद्या पाहुण्यासारखा गप्प बसून पुढें सरकतो. डिझेल वांचतें, टायर वांचतात, आणि घाटांतल्या रात्रीं वांचतात त्या निराळ्याच. २०२५ सालीं याच धर्तीवर कोलाड व वेर्ण्याच्या दरम्यान खाजगी मोटारी नेणारीहि गाडी सुरू झाली.

जांभ्याच्या कापांतून ही गाडी बाहेर पडतांना डिझेल इंजिनाच्या माथ्यावर काळा धूर उठे. तें चित्र मजजवळ आहे. २०२२ सालच्या जूनमध्यें या सबंध मार्गाचें विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण करण्यांत आलें. आतां रुळांवर खांब आहेत, तारा आहेत. विजेचें इंजिन आलें याचा मला आनंदच आहे. पण पूर्वीचें मोकळें आभाळ त्या कापावर आतां कोणाच्याहि कॅमेऱ्याला सांपडणार नाहीं.

हा छंद एकट्या माझाच वेडेपणा नव्हे. इंग्लंडांत १९४२ सालीं, युद्ध चालू असतां, इयन ॲलन नांवाच्या रेल्वे कचेरींतल्या तरुण कारकुनानें इंजिनांच्या क्रमांकांची एक लहानशी पुस्तिका छापली, आणि पुढें हजारों मुलें वही-पेन्सिल घेऊन फलाटांवर उभीं राहूं लागलीं. आपल्याकडे फलाटावर उभ्या राहणाऱ्याला अगोदर खुलासा द्यावा लागतो. एका स्टेशनावर मला दीड तास बसवून ठेवण्यांत आलें होतें. "उतारूंची गाडी सोडून मालगाडीचाच फोटो कां?" या प्रश्नाला माझ्यापाशीं पटेल असें उत्तर नव्हतें. अखेर तेथल्या एका कर्मचाऱ्यानें मला ओळखलें. त्याच्या भावाला मीं शिकविलें होतें. तेव्हांपासून मी परवानगीविना फलाटावर कॅमेरा काढीत नाहीं, आणि रुळांवर तर पाऊलहि ठेवीत नाहीं. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याच्या १४७ व्या कलमान्वयें तो अपराध आहे, आणि कायदा नसता तरी तो मूर्खपणा असता. रस्त्याच्या पुलावरून दिसतें तेवढें मला पुरतें.

इतका वेळ मी आपल्या छंदाची बाजू मांडली. आतां त्यांतली माझी चूक सांगावयाची आहे.

मला चित्र स्वच्छ लागे. गाडी आणि केवळ गाडी. मध्येंच कोणी टोपलीवाली आली, कोणी मूल डोकावलें, कीं मी थांबें. मुक्कामाच्या गाडीवर एक चालक पुष्कळ वर्षें येत असे. मी कॅमेरा उघडला कीं तो खाकी सदऱ्याच्या बाह्या सारखा करीत बोनेटपाशीं येऊन उभा राही. मी म्हणें, "जरा बाजूला होतां का? गाडीचा घ्यावयाचा आहे." तो हंसून फणसाच्या झाडाखालीं जाई. एकदां नव्हे, अनेकदां मीं त्याला असें बाजूला केलें आणि तो झाला.

तो वारल्यानंतर कांहीं महिन्यांनीं त्याचा मुलगा माझ्या घरीं आला. "गुरुजी, बाबा सांगत, नाट्याचे गुरुजी माझ्या गाडीचे फोटो काढतात. त्यांत बाबांचा एखादा असेल का? घरीं ओळखपत्रावरचा तेवढा आहे, गाडीबरोबरचा नाहीं." मीं सगळे लखोटे जमिनीवर पसरले. त्याच्या गाडीचीं एकुणसाठ चित्रें निघालीं. पाटी स्पष्ट, क्रमांक स्पष्ट, ऊन योग्य बाजूचें. माणूस एकांतहि नाहीं. तो मुलगा एकेक चित्र पाहून हलकेंच खालीं ठेवीत होता आणि मला त्याच्याकडे पाहवेना.

शेवटीं टाकावू चित्रांच्या लखोट्यांत एक सांपडलें. पावसाळ्यांतलें, हललेलें. गाडी सुटण्याच्या वेळीं काढलेलें. खिडकींतून बाहेर आलेला एक हात फडक्यानें कांच पुशीत आहे, आणि कांचेमागें अर्धा चेहरा. मुलानें तें उजेडाकडे धरलें. "घड्याळ उजव्या हातांत," तो म्हणाला, "बाबाच." बिघडलेलें म्हणून मीं बाजूला टाकलेलें तेवढेंच चित्र त्या घराच्या कामाचें निघालें. तें मोठें करून मीं त्याला पाठविलें. आज तें त्यांच्या ओटीवर आहे असें ऐकतों.

बोटीचें चित्र कोणीं काढलें नाहीं म्हणून मीं गांवाला दोष दिला होता. पण मींहि दुसऱ्या प्रकारें तेंच केलें होतें. गांवानें रोजची बोट पाहिली नाहीं. मीं रोजचा माणूस पाहिला नाहीं. त्यानंतर ट्रकांच्या गाडीचीं मीं काढलेलीं चित्रें निराळीं आहेत. त्यांत खिडकींतून पाय बाहेर टाकून झोंपलेला क्लीनर आहे, पुलावरच्या मला पाहून हात हलविणारा चालक आहे. यंत्र त्यामुळें कमी दिसत नाहीं. उलट तें कोणासाठीं आणि कोणाच्या जिवावर चालतें, हें कळतें.

आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या टेलिफोनांत कॅमेरा आहे. बारा चित्रांची मर्यादा उरली नाहीं. तेव्हां माझ्या तरुण श्रोत्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. जी गाडी तुम्हांला रोज नेते, तिचें एक चित्र ती चालू आहे तोंवर काढा. त्याबरोबर तारीख, ठिकाण आणि क्रमांक लिहून ठेवा; तारखेविना चित्र दहा वर्षांनीं मुकें होतें. आणि चौकटींत कोणी माणूस आला, तर त्याला राहूं द्या.

उद्यां पहाटे मी थांब्यावर जाणार आहें. चालक आपण होऊन बाजूला होऊं लागला, तर त्याला म्हणेन, "थांबा, तेथेंच उभे राहा."