वड्याचा घाणा

चिंचोटीहून कामणमार्गे अंजूरफाट्याकडे जाणारा रस्ता मालमोटारींचा. वसई-दिवा मार्गावरचं कामण रोड स्थानकही इथलंच. अशा रस्त्यांवर भुकेला पहिला आधार बटाटवड्याचा.

छोट्या दुकानात वड्याची तयारी कढई तापण्याआधीच सुरू होते. बटाटे उकडून पूर्ण गार करायचे. गरम कुस्करले तर सारण चिकट होतं. आलं, लसूण, हिरवी मिरची वाटून घ्यायची, फोडणीत मोहरी, हळद, कढीपत्ता, वरून भरपूर कोथिंबीर. मग एकसारखे गोळे वळायचे.

खरं कसब पिठात आहे. बेसन फार घट्ट झालं तर आवरण जाड आणि पिठूळ लागतं, पातळ झालं तर ते गोळ्यावरून ओघळतं. चिमूटभर सोडा आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन घातलं की आवरण हलकं होतं. तेलाचा अंदाज पिठाच्या थेंबावरून घेतात. थेंब टाकताच वर आला की घाणा सोडायचा. तेल कोमट असेल तर वडा तेलकट होतो.

कढईत सांडलेल्या पिठाचा चुरा झाऱ्याने वेळोवेळी काढलाच पाहिजे. नाहीतर तो जळून तेल काळं करतो. हाच कुरकुरीत चुरा लसणाच्या लाल चटणीत कुटला की तिला वेगळीच खुमारी येते. माझ्या मते चांगलं दुकान ओळखावं ते या चटणीवरून.

तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवण्यावर 1 जुलै 2018 पासून देशभर कायदेशीर मर्यादा आहे. तेव्हा वडा घेताना कढईतल्या तेलाचा रंग जरूर पाहा.