कोरा तक्ता

संगणकाकडे एखाद्या तालुक्याचा पावसाचा अहवाल मागावा आणि पडद्यावर नुसता कोरा तक्ता उमटावा, म्हणजे मागणाऱ्याने काय समजावे? पाऊस पडला नाही, की पर्जन्यमापक कोणी पाहिलाच नाही? दुष्काळ जाहीर करावयाचा की नाही, हे ठरविताना हा भेद लहान नव्हे.

यंत्र तो आपल्या परीने पाळते. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या विचारातून पुढे आलेल्या एसक्यूएल या भाषेत, एकही नोंद नसताना नोंदींची संख्या विचारली तर उत्तर शून्य येते. बेरीज विचारली तर येते ‘नल’, म्हणजे मूल्यच नाही. घाईचा प्रोग्रामर मात्र तेथे बेधडक शून्य छापतो, आणि न मोजलेला पाऊस न पडलेला ठरतो! त्यापेक्षा ‘१ ते ७ जुलै : एकही नोंद आलेली नाही’ एवढी ओळ पुरे. पाऊस खरोखरच पडला नसेल, तर ०.० मिलिमीटर ही नोंद तेथे असावयास हवी.