रविवारचे विमान



कामगारांत उभा जन्म गेलेल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता सोडून प्लास्टिकच्या लढाऊ विमानावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. लहान मुलांचे खेळणे ते, त्यावर तासभर काय बोलणार? परंतु या खेळण्यात कामगारांचा बराच इतिहास दडलेला आहे, आणि एक मागणीही दडलेली आहे. ती आपणांपुढे मांडावी एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम वस्तू कोणती ते सांगतो. दुकानातून जे खोके मिळते त्यात विमान नसते, विमानाचे तुकडे असतात. वेलीला शेंगा लागाव्यात तसे ते प्लास्टिकच्या काड्यांना लागलेले असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. ते सोडवायचे, कडा घासायच्या, जोडायचे, रंगवायचे. प्रमाण बहुधा बहात्तरास एक. हा आकडा कोठून आला? सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणून सहा फुटी माणूस येथे एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणाची पाच लाख विमाने मागवली होती. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना ओळखता यावे यासाठी ती होती. तेव्हा हे नुसते खेळणे कधीच नव्हते.

या धंद्यात नाव मिळवलेली एअरफिक्स ही इंग्रज कंपनी आधी कंगवे बनवीत असे. ज्या यंत्राने कंगवा निघतो त्याच यंत्राने विमान निघते. बदलतो तो साचा. हे शीव कोळीवाड्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पलीकडे धारावी आहे. दाणा म्हणजे काय, डाय कशी बसवतात, गरम प्लास्टिक दाबाने साच्यात कसे जाते, हे आमच्या वस्तीतल्या पोरांना पाठ आहे. अलीकडच्या काळात याच कंपनीचे पुष्कळ संच भारतातच तयार झाले आणि खोक्यावर तसे छापलेही गेले. म्हणजे साच्यातून तुकडे काढणारा हात आमचा, आणि ते जोडण्याची मौज मात्र दुसऱ्याच्या घरी, अशी ही गंमत होती. ती मौज आमच्याही घरी यावी म्हणून वस्तीतली काही कामगार मंडळी आणि त्यांची मुले मिळून आम्ही रविवारी एका खोलीत बसू लागलो.

आम्ही विमान निवडले मिग-२१. कारण उघड आहे. हे विमान आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळ ओझरला तयार होत असे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, तेथे कारखान्याची उभारणी सुरू झाली. इंजिने ओरिसातल्या कोरापुटला होत. १९८७ पर्यंत साडेसहाशेवर मिग-२१ आपल्या कामगारांनी बांधली. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरे विमान सव्वासात मीटरांच्या आतले; आमच्या टेबलावर ते दहा सेंटिमीटरांचे झाले.

आता बांधणीकडे येऊ. विमानाच्या तोंडाशी हवा आत घेण्याचे भोक आणि त्याच्या मधोमध एक शंकू असतो. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ लागले की आत शिरणारी हवा काबूत ठेवण्यासाठी तो पुढेमागे सरकतो, आणि त्याच्याच पोटात रडार असते. आमच्या छोट्या विमानात त्या पोकळीत वजन भरावे लागते. नाहीतर विमान शेपटीवर बसते. कोळीवाड्यात वजनाला काय तोटा? जाळ्याला लावायची शिशाची गोळी एका घरातून आली आणि विमान तीन चाकांवर नीट उभे राहिले.

डिंकाची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. हा डिंक वस्तू नुसती चिकटवीत नाही. तो प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि मग वाळून एकजीव होतात. त्याला रात्रभर वेळ द्यावा लागतो. तो वाळण्याआधी घासायला घेतले तर सांधा उघडा पडतो. रंगाचेही तेच. शेवटी पाण्यात भिजवून वायुदलाचे चक्र लावायचे. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. तीन इंची पट्टी, पॉलिशपेपर आणि धीर, एवढ्यावर हे काम होते. या तिन्हींत धीर महाग आहे.

का महाग आहे ते पाहा. आमचा सांधा उघडा पडला तर फार तर पुट्टी भरावी लागते. खऱ्या विमानात तसे नसते. २०१२ साली संसदेत सांगण्यात आले की सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक प्राणास मुकले. कारणे दोन्ही प्रकारची होती, माणसाची चूक आणि यंत्रातला दोष. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ने वायुदलाचा निरोप घेतला, आणि पुढच्याच महिन्यात ओझरला बांधलेले पहिले तेजस आकाशात गेले. तेव्हा प्रश्न जुना झालेला नाही. खोक्याच्या झाकणावर वैमानिकाचा पराक्रम रंगवलेला असतो. त्याचा जीव ज्या रिबिटावर अवलंबून आहे ती मारणारा फिटर तेथे नसतो. त्या फिटरला "थांबा, हे अजून झालेले नाही" असे म्हणण्याची मोकळीक आहे की नाही, यावर सर्व काही आहे. कंत्राटावरचा, उद्याची शाश्वती नसलेला माणूस हे वाक्य कोणत्या बळावर उच्चारणार?

आणि येथेच आमची मागणी येते. विमान जोडायला आम्हांला रविवार होता. हा रविवार आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, स्त्री-कामगारही बोलल्या. आणि त्या वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने ती सुटी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा पक्की केली. आज काय दिसते? सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेता येईल, अशा दुरुस्तीला मान्यता दिली. जादा तासांचे पैसे मिळतील, असे सांगतात. मिळोत बापडे! पण बारा तास उभा राहिलेला माणूस घरी येऊन मुलाशेजारी बसणार नाही, तो झोपेल. छोट्या गाळ्यांतून तर बारा तासांची पाळी कायद्याच्या आधीपासूनच चालू आहे.

हातातले कसब पाळीच्या घाईत वाढत नाही. ते फुरसतीत वाढते, जेथे चुकलेला तुकडा सोडवून पुन्हा लावता येतो आणि कोणी घड्याळ दाखवीत नाही. गिरण्या गेल्या तेव्हा मागाबरोबर अडीच लाख लोकांचे कसब गेले. ते आपण डोळ्यांदेखत पाहिले. पुढच्या पिढीच्या हातांत नवे कसब यावे असे वाटत असेल, तर तिला आय.टी.आय. हवी, पक्की नोकरी हवी, आणि त्याच्याच जोडीला मोकळा रविवारही हवा.

म्हणून येथे जमलेल्या पालकांना विनंती आहे की, मुलगा अथवा मुलगी असले काही जोडत बसली तर "वेळ घालवू नकोस" म्हणू नका. आणि कामगार बंधूंना सांगणे आहे की, जादा तासांच्या कागदावर सही करण्यापूर्वी पैशांबरोबर दिवसही मोजा. पगार मागताना आम्हांला कधी संकोच वाटला नाही. वेळ मागतानाही तो वाटू नये.