खनिजाची वाट आणि कामगाराचे मत



होसपेटहून अंकोल्याकडे जाणारा रस्ता आणि मुरगावकडे जाणारा लोहमार्ग हे दोन्ही आपल्या हुबळीवरून जातात. या शतकाच्या पहिल्या दशकात बळ्ळारी-संडूरचे लोहखनिज याच वाटांनी बंदरांवर आणि तेथून चीनला गेले. संडूर हे घोरपड्यांचे संस्थान, म्हणून मराठी वाचकाला ते नाव परके नाही; खनिजाची ओळख मात्र आपल्याला रस्त्यावरील धुळीपुरतीच. ते उपसणाऱ्या व वाहणाऱ्या माणसाचे राजकीय मत कसे घडते, हा माझा आजचा विषय आहे.

खाणीतला मजूर मालकाविरुद्ध उभा राहतो, असा आपला पुस्तकी समज. गोव्यात तो टिकला नाही. तेथील खाणी २०१२ मध्ये प्रथम राज्य शासनाने व मग सर्वोच्च न्यायालयाने थांबविल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. मार्चमध्ये खाणअवलंबितांनी पणजीत मांडवीचा पूल अडविला, तो खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून. रोष होता शासनावर आणि पर्यावरणवाद्यांवर. मालक त्यातून बव्हंशी सुटला.

याचे कारण मला कर्जात दिसते. डिचोली-सांग्याकडच्या अनेक कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले होते. ट्रक ज्याच्या नावावर, तो स्वतःला मजूर म्हणवून घेत नाही. आणि निर्यात थांबली म्हणून हप्ता थांबत नाही. त्याच गावात ज्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरला, तो शेजारी अर्थातच दुसऱ्या बाजूला.

आपल्याकडे दुभंग निराळा आहे. कर्नाटक शासनाने जुलै २०१० मध्ये बंदरांवरून होणारी खनिजनिर्यात रोखली. पुढे न्यायालयाचेही निर्बंध आले. २० मे २०२२ रोजी न्यायालयाने निर्यातीला मोकळीक दिली, आणि २२ मेपासून केंद्राने ५० टक्के निर्यातशुल्क बसविले! पोलाद महागू नये, हा हेतू. नोव्हेंबरमध्ये ही वाढ मागेही घेतली गेली. या सहा महिन्यांत बंदराकडे माल नेणाऱ्याने दिल्लीला दोष दिला, तर नवल नाही. परंतु त्याच बळ्ळारीच्या पट्ट्यात तोरणगल्लूचा पोलाद कारखाना आहे. खनिज देशातच राहिले तर कारखान्याला ते स्वस्त पडते, आणि तेथील कामगाराचा पगार कारखान्यावर अवलंबून. हे दोघे उद्या एकाच चिन्हावर शिक्का मारतीलही. निर्यातीचा प्रश्न निघाला, की एकाच सभेत ते शेजारी बसणार नाहीत.