कादंबरीत आपला माणूस कोठे आहे?

(भोकरदन तालुक्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



शेतकऱ्याच्या घरी ऐतिहासिक कादंबरी हवी कशाला, असे विचारणारी माणसे दोन प्रकारची. एकाला वाटते शेतकऱ्याने वाचूच नये. दुसऱ्याला वाटते त्याने कर्जाचा आणि खताचा कागद तेवढा वाचावा. दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. वाडवडिलांविषयी आपल्या घरात जे बोलले जाते, त्यातले पुष्कळसे कादंबऱ्यांतून व नाटकांतूनच आलेले असते. मग ते कोणी लिहिले आणि कोणाच्या डोळ्यांनी पाहून लिहिले, हे आपण तपासू नये काय? जोतीराव फुल्यांनी 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण नाकारले, ते याच कारणाने. ज्यांना कष्टकऱ्यांच्या दुःखाची ओळख नाही, त्यांच्या ग्रंथांत आपले काय येणार, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

आपल्या भागातील असईचेच पाहा. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्ली याची लढाई जुंपली. हाच वेलस्ली पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. असईत इंग्रजांकडील सुमारे 1600 माणसे मेली वा जखमी झाली आणि शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा गेल्या. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने 1998 साली या लढाईवर ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक हलक्या कुळातला साधा शिपाईगडी आहे, ही गोष्ट आम्हांस आवडली. सरदारांना सोडून खालच्या माणसाला नायक करणे आपल्याकडच्या पुष्कळ लेखकांना साधलेले नाही. परंतु तो नायक इंग्रज, आणि आपले रान तो पाहतो ते परक्याच्या डोळ्यांनी.

त्या लढाईतली एक गोष्ट ऐका. वेलस्लीने नदीला दुसरा उतार कोठे आहे, असे वाटाड्यांना विचारले. उतार नाही, असे वाटाडे म्हणाले. त्याने मात्र दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे पाहिली, तेव्हा मधे उतार असलाच पाहिजे असा तर्क केला आणि तेथूनच फौज पार नेली. आता सांगा, नदीकाठच्या माणसाला उतार ठाऊक नसेल काय? ते वाटाडे या मुलखाचे नव्हते, की जाणूनबुजून गप्प राहिले? पीक रानात उभे असण्याचे ते दिवस. फौज वावरातून गेली तर बायकापोरांनी खायचे काय, हा विचार त्यांच्या मनात आला असेल काय? त्यांची नावे मागे राहिली नाहीत. कागद संपतो तेथे कादंबरीकाराने नांगर घालायचा असतो. पण हे वावर अजून पडीकच आहे.

त्याच काळातील यशवंतराव होळकर समजून घ्यायचे असतील, तर ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ वाचा. लेखकाची जात पाहून पुस्तक फेकणे आम्हांस मान्य नाही.

शिवाजी सावंतांची ‘छावा’ 1979 साली निघाली. संभाजी महाराजांचा वध 1689 सालचा, आणि चिटणिसांची बखर लिहिली गेली त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. तरी त्या बखरीवरून राजाला व्यसनी ठरवून पिढ्यान्‌पिढ्या नाटके झाली. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागद शोधून 1960 साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा तो डाग धुण्याचे काम खरे सुरू झाले. ‘छावा’ची भाषा फार अलंकारिक आहे, कोठे कोठे जड जाते, पण घरात असावी.

आमचे मन मात्र अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’वर आहे. 1920 साली वाटेगावी जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या माणसाने 1959 साली ही कादंबरी दिली आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. जन्मानेच गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढे हजेरी लावणारा समाज, वर दुष्काळ, आणि भुकेल्यांसाठी धान्य व इंग्रजांचा खजिना लुटणारा मांगाचा पोर! यात राजवाडा नाही, दरबार नाही. भूक कशी लागते हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, ते पानापानावर दिसते. मराठे, माळी, धनगर, मुसलमान अशा सर्व घरांतून हे पुस्तक वाचले जावे. मांगवाड्यातील शूर पुरुषाची कथा आपण वाचायची काय, असे ज्याला वाटेल त्याने ती सर्वांआधी वाचावी.

पुस्तक मोठे नाही. पेरणी आटोपली की गावच्या वाचनालयातून ‘फकिरा’ आणा. शाळकरी मुलीने दिव्यापाशी मोठ्याने वाचावे, म्हाताऱ्यांनी ऐकावे. आणि असईकरांनो, त्या लढाईविषयी तुमच्या आजा-पणजांकडून जे कानावर आले असेल, ते खरे-खोटे न पाहता आधी वहीत उतरवून ठेवा. नदीच्या उताराचे काही निघाले तर आम्हांस अवश्य कळवा.